साकोलीच्या मंडईआधी फुग्यांच्या बंदुकीचा पेच बसविला त्याची हकीकत

जवाई मांडवात शोभतो, ताटावर शोभतो. हत्याराजवळ शोभत नाही. हे आरंभीच लिहून ठेवावे, म्हणजे पुढील अनर्थाचा बोल कोणाकडे, हे वाचणारांस धुंडावे लागणार नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला त्यानंतरच्या काळी, साकोलीच्या मुलुखात मातुश्री पार्वताबाईसाहेब यांची सलाबत ऐसी जे, दिवाळीमागून ज्या गावी मंडई म्हणजे नाटकाची जत्रा भरे तेथे नाटकाच्या मंडपालगतची जागा त्यांचीच. फळीवर फुगे टांगावे, रयतेने छऱ्याच्या बंदुकीने नेम धरावा, आणि त्यावर घर चालावे. बंदूक एकच.

साकोलीच्या मंडईदिवशी सकाळी खबर आली जे, दस्त्यावर नळी धरणारी पट्टी किंचित हालते. तो कन्या रत्नमाला हिचे यजमान, मंडईच्या आवतनावरून आलेले राजमान्य राजश्री जवाई धर्मेंद्रराव, पेचकस घेऊन जातीने मोहिमेवर निघाले. पेच एका पिळात बसला, आणि मग त्यांनी आणखी पिळला, आणि मग आणखी. दस्त्यातून लाकडाचा भुसा गळू लागला. सारा दरबार पाहून राहिला. परंतु जवायास थांबा म्हणणे या मुलुखी रिवाज नाही, सबब सर्वांनी वा जवाईबापू, वा केले, आणि बाईसाहेबांनी तोंडात पदर कोंबला. भोकाचे आटे साफ बुडाले. पेच गरगर फिरे, धरीना; नळी दारुड्यासारखी मान टाकी.

इतक्यात बातमी आली जे, गनीम गोमाजी दोन बंदुका घेऊन साकोलीत दाखल, आणि डोळा मंडपालगतच्याच जागेवर. आज जागा गेली म्हणजे उभा हंगाम गेला. घर हवालदिल जाहले.

मसलत बसली. जवाईबापूंनी अर्ज केला जे, भोकात आगकाड्या कोंबाव्या. कोंबल्या. चाचणीचा बार झाला, आणि फुगा तैसाच राहिला, आणि न्हाणीवरची बादली जखमी जाहली. मग त्यांनी अर्ज केला जे, मोठा पेच घालावा. हुकूम सुटला जे, त्याने दस्ता चिरेल. जवाईबापूंनी चहा घ्यावा, आणि तो संपताच दुसरा द्यावा, आणि हात रिकामे म्हणून राहू देऊ नये.

मग साहेबांची नजर चुलीकडे गेली. तेथे जुन्या सागाचे बेलन, ज्याच्या नुसत्या दर्शनाने दिवंगत यजमान वेळेवर घरी परतत. रत्नमाला कळवळली, म्हणाली, "माय, पोळ्या कायनं लाटसान?" साहेबांनी बेलनाचे मुंडके करवतले, आणि विळ्याने पाचर तासली, आणि भोक साफ करून, डिंक माखून, हातोडीने आत ठोकली, आणि उन्हात वाळे तोवर खाटेवर बसून पहारा केला. मग वर उरले ते छाटून, तापल्या खिळ्याने बारीक भोक पाडून, पेचास साबण चोळून, पेचकस आपल्या हाती घेतला. पेच कुरकुरला, चावला, धरला. आणि धरला तेथेच हात थांबला.

साकोलीस पोचतात तो गोमाजीने खांब रोवलेला. साहेबांनी बंदूक उचलली, आणि त्याच्या खांबावर शोभेस बांधलेला तांबडा फुगा लांबून फोडला. नळी तिळमात्र हालली नाही. गोमाजीने खांब उपटला.

येणेप्रमाणे जागा राखली, बंदूक सलामत राहिली, दस्त्यातील पाचर बेलनाची, बेलन साहेबांचे, सबब फत्तेही साहेबांची, ऐसे नमूद जाहले.

नाटकाचा पडदा उघडण्याच्या सुमारास धर्मेंद्रराव जवळ आले, आणि बंदुकीकडे पाहात, जरा कसून देऊ का, ऐसे पुसते झाले. तेव्हा रिवाज बाजूला ठेवून, भर मंडईत, साहेब बोलल्या:

"जवाईबापू, मान तुमचा, पेचकस माया. दर सालच्या मंडईले या, पोटभर जेवा, नाटक पाहा. पर हिले हात लावसान त ध्यानात ठेवा, उरलेलं बेलन अजून घरात हाय."