जेवणाच्या सुट्टीतला लोड

श्रावणातला दुसरा सोमवार, सकाळचे अकरा. नव्या सर्व्हरच्या कोटेशनची रक्कम चार लाख ऐंशी हजार, कर वेगळा. हजर असलेले: शेठ, बाहेरच्या कंपनीतून आलेले एक टायवाले गृहस्थ, मी म्हणजे मिलचा हिशेबनीस वाणी, आणि गळ्यात दोरीने स्टॉपवॉच अडकवलेले बडगुजर आप्पा.

आधी स्टॉपवॉचचं सांगतो, कारण नवा माणूस तेच पाहून हसतो. शाळेतल्या पीटीच्या मास्तरांकडे असायचं तसलं ते घड्याळ आप्पा अंघोळीपुरतं काढतात. सुरतेत बमरोलीतल्या आमच्या साड्या छापणाऱ्या मिलमध्ये तेवीस कॉम्प्युटर आहेत आणि ते सगळे आप्पांच्या ताब्यात आहेत. त्यांच्याकडे कोणी ‘आप्पा, कॉम्प्युटर स्लो चालतोय’ म्हणत आलं, की ते घड्याळ हातात घेतात आणि विचारतात, “स्लो म्हंजे किती?” समोरचा म्हणतो, खूप. मग ते म्हणतात, “आकडा सांग, मंग रड.”

घरीही तेच. गोडादऱ्यात आमची घरं एकाच गल्लीत आहेत. आप्पा एकटे राहतात. वहिनींना जाऊन सहा वर्षं झाली, आणि एकुलती एक मुलगी वैशाली लग्न होऊन इचलकरंजीला गेली त्याला दोन. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये किती सेकंद जातात ते आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. सेकंद वाढले, की रबर बदलतात. माझ्या बायकोने एकदा कौतुकाने विचारलं, तर संध्याकाळी येऊन आमच्या कुकरचंही रबर बदलून गेले. तिला ते आवडलं नाही. मला आवडलं.

मूळ अमळनेरचे. एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आले ते लूम चालवायला. कॉम्प्युटर ते पुढे मिलमध्येच शिकले, कोणी शिकवलं नाही. पण डोकं अजून कापडवाल्याचंच. कापडावर डाग पडला तर नवशिका मशीन उघडतो. जुना माणूस आधी टेप घेतो आणि एका डागापासून दुसरा डाग किती अंतरावर आहे ते मोजतो. अंतर कळलं की कोणता रोल खराब आहे ते बसल्या जागी सांगता येतं, कारण रोल एकदा फिरला की एक डाग पडतो. आप्पा सर्व्हरलाही हाच नियम लावतात.

सर्व्हर म्हणजे आमच्या सगळ्या डिझाइन्स ठेवलेली पेटी. डिझाइनवाली मंडळी तिथून फाइल घेतात आणि काम करून तिथेच ठेवतात. दुपारी एक ते दोन त्यांची जेवणाची सुट्टी. तेव्हा सर्व्हर मोकळा असतो म्हणून छपाईच्या जाळ्या बनवणारे सव्वा वाजता आपल्या फाइली उतरवून घेतात. ही व्यवस्थाही आप्पांचीच. बारा मिनिटांचं काम. पण गेल्या तीन आठवड्यांपासून त्याला सत्तेचाळीस मिनिटं लागत होती. जाळ्या उशिरा, म्हणून मशीन उभं, आणि दिवाळीचा माल अंगावर. सर्व्हरवरचा लोड, म्हणजे रांगेत थांबलेल्या कामांचा आकडा, एरवी एकच्या आसपास असतो, तो तीसच्या वर जात होता. का, ते कोणालाच कळत नव्हतं.

टायवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. सर्व्हर जुना झाला, नवा घ्या, देखभालही आमच्याकडे द्या. शेठनी आप्पांना शनिवारपर्यंत मुदत दिली. तोवर कारण सापडलं नाही तर सर्व्हर बाहेरच्या लोकांकडे जाणार आणि आप्पा फोल्डिंग खात्यात, साड्यांच्या घड्या मोजायला. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. आप्पांनी मान हलवली आणि त्याच मिनिटापासून मोजणी सुरू केली.

सोमवारी त्यांनी दर पाच मिनिटांनी लोड लिहिला. मंगळवारी व्हायरस तपासला, नाही निघाला. लोड तीसवर असतानाही प्रोसेसर रिकामाच असल्याचं त्यांनी मला दाखवलं. “आचारी बसेल शे, भाऊ. रांग शे ती कोठीच्या दारशी,” म्हणाले. म्हणजे काम करणारा मोकळा आहे, डिस्कवरून सामान काढून देणाऱ्याकडे गर्दी आहे. कोणीतरी भराभर फाइली वाचत होतं. बुधवारी संध्याकाळी आलेखाचा कागद माझ्या टेबलावर पसरून त्यांनी टेप लावला. कागदावर टेप लावणारा सिस्टमवाला मी दुसरा पाहिलेला नाही.

लोड चढत होता एक वाजून बारा मिनिटांनी. पुन्हा चार चाळीसला. चहा साडेचारला होतो. दोन्ही वेळा माणसं उठल्यावर दहा मिनिटांनी.

“काम करतात तव्हा नही,” आप्पा म्हणाले. “उठतात तव्हा. उद्या जेवाले माझ्यासंगे बैस.”

आप्पा रोज सात नंबरच्या टेबलाशी डबा खातात. ते टेबल वैशालीचं. ती आमच्याकडे चार वर्षं डिझाइनर होती, आणि ती गेल्यावर त्या कॉम्प्युटरवर कोणाला बसवायचं हे आप्पांना अजून ठरवता आलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, तिथे पंख्याचा वारा नीट लागतो. एरवी मिलमधल्या रिकाम्या खुर्चीचाही हिशेब ठेवणारा मी, पण हे मी कधी वर कळवलं नाही.

गुरुवारी एक वाजून दोन मिनिटांनी शेवटची मुलगी डबा घेऊन बाहेर पडली. आप्पांनी स्टॉपवॉच दाबलं. सर्व्हरचा आकडा समोर होता, शून्य पूर्णांक आठ. आम्ही कळण्याची भाकरी आणि भाजी खात बसलो. दहा मिनिटं झाली. मॉनिटर एकामागून एक काळे झाले आणि मग त्यांच्यावर चित्रं उमटली. वेली, कुयऱ्या, मोराची पिसं, केवड्याच्या पानांची किनार. आकडा तीन झाला, नऊ, बावीस, एकतीस.

ही चित्रं आम्ही सगळ्यांनी तीन आठवडे रोज पाहिली होती. मीच दोनदा म्हणालो होतो की कंपनीने छान शोभा केली आहे. पण छपाईची एकेक फाइल म्हणजे धान्याचं पोतं. बारा कॉम्प्युटर दर पाच सेकंदांनी नवं चित्र दाखवायला सर्व्हरवरून एकेक पोतं ओढत होते, आणि बघायला खोलीत माणूस नव्हता.

मी आनंदाने आप्पांकडे पाहिलं. त्यांचा घास हातातच होता.

“हाई वैशालीनं काम शे, भाऊ.”

म्हणजे ती सगळी चित्रं वैशालीच्या हातची. मग त्यांनी सांगितलं. ती सासरी गेली त्या महिन्यात त्यांनी तिच्या कॉम्प्युटरवर हे स्क्रीनसेव्हरचं सेटिंग लावलं होतं. कोणी हात लावला नाही की तिचीच डिझाइन्स फिरत राहतील. डबा खाताना बरं वाटायचं. एका कॉम्प्युटरने सर्व्हरला फरक पडला नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी अकरा नवे कॉम्प्युटर आले. ते तयार करायचे तर एका चांगल्या कॉम्प्युटरची नक्कल काढतात. मिलमधला सर्वांत नीट ठेवलेला कॉम्प्युटर तिचा. आप्पांनी त्याचीच नक्कल काढली, आणि त्याच्यासोबत हेही अकरा ठिकाणी गेलं.

मी हिशेबाचा माणूस आहे, खोटं लिहीत नाही. पण त्या दुपारी मी त्यांना म्हणालो, की गुपचूप बंद करा आणि शेठना सांगा, नव्या कॉम्प्युटरमध्ये सेटिंगची चूक होती. ते खोटंही झालं नसतं. आप्पांनी डबा धुतला आणि वहीत लिहायला बसले.

शनिवारी त्याच चौघांच्या बैठकीत त्यांनी वाचून दाखवलं. कारण हे. उपाय केला, लोड एकच्या खाली. जाळ्यांच्या फाइली पुन्हा बारा मिनिटांत. नुकसान रोज पस्तीस मिनिटं, अठरा दिवस, एकूण साडेदहा तास. मी मनात गुणाकार करून पाहिला, बरोबर होता.

शेठनी गुजरातीत विचारलं, “आ कोनी भूल?” म्हणजे ही चूक कोणाची.

“मारी, शेठ.” आप्पांनी चूक आपली म्हटली आणि का लावलं होतं तेही सांगितलं, एका वाक्यात, मान खाली न घालता.

शेठनी वही मिटली. मग त्यांनी टायवाल्यांना विचारलं, तुमचा नवा सर्व्हर घेतला असता तर काय झालं असतं? टायवाले बॅग उघडून कागद चाळू लागले. आप्पाच त्यांच्या मदतीला धावले. “चित्रं जरा भराभर फिरली असती.” सगळ्यात आधी टायवाले हसले. शेठनी कोटेशनची घडी करून त्यांना परत दिली, आणि सर्व्हर बडगुजरभाईंकडेच राहील एवढं बोलून फोन उचलला. शेठच्या केबिनमध्ये मी बावीस वर्षं उभा राहिलो आहे, पण इतका ताठ कधी उभा राहिलो नव्हतो.

सात नंबरवरही आता काही फिरत नाही. मी म्हटलं, लहान आकाराच्या प्रती करून तेवढ्या एका ठिकाणी लावा, लोड येणार नाही. आप्पा नको म्हणाले. सोमवारपासून त्या टेबलावर नवी मुलगी बसते, आणि आप्पा डबा माझ्या खोलीत खातात.

त्या शनिवारी संध्याकाळी ते मिलच्या विक्री काउंटरवर आले. केवड्याच्या पानांच्या किनारीची एक साडी हवी होती. काउंटरवाला सुट्टीवर होता, म्हणून बिल मी केलं. घरी नेसणारं कोणी नाही हे मला माहीत होतं, म्हणून कोणासाठी ते विचारलं नाही. आमच्याकडे डिझाइनरचं नाव कापडावर येत नाही आणि कागदावरही येत नाही, फक्त नंबर येतो. मी नंबर लिहिला. आप्पा म्हणाले, त्याच्यापुढे नाव पण लिही. मी लिहिलं: ‘डिझाइन, वैशाली मुरलीधर बडगुजर.’ त्यांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं.

दिले ते असे. टायवाल्या गृहस्थांना पाहणीचे दीड हजार, शेठकडून. आणि मिलच्या काउंटरला साडीचे सहाशे दहा, रोख, बडगुजर आप्पांकडून.