करपलेले तीन शेंगदाणे

सत्यजीत रांजणगावच्या एका कंपनीत दिवसभर ट्रेमधले पार्ट तपासायचा. नजर डाव्या टोकापासून निघायची, उजव्या टोकाला वळायची आणि खालच्या ओळीने परत यायची, शेतात नांगर फिरतो तशी. सहा वर्षांत डोळ्यांना दुसरी वाटच उरली नाही. मुलगी बघायला गेला की तो अख्ख्या घराची तपासणी करतो, अशी त्याची ख्याती झाली आणि पाच स्थळं हातची गेली.

सहावं स्थळ भांडगावचं. मोनालीचा फोटो त्याला मनापासून आवडला होता. आई सोजरबाई वाटेतच बजावत होती, "सत्या, आज फकस्त पोरीकडं बघायचं. डोळं फिरवायचं न्हाईत."

"व्हय."

पण पोह्यांची बशी समोर आली आणि नजर काठावरून निघाली. दुसऱ्या फेरीत करपलेला शेंगदाणा सापडला, तो त्याने उचलून कडेला ठेवला. चौथ्या फेरीत आणखी एक. सोजरबाईने कपाळाला हात लावला.

"पावणं, खडा लागला का?" मुलीचे वडील बन्सीआप्पा म्हणाले.

"न्हाई आप्पा, दोन पीस रिजेक्ट हायेत," तो बोलून गेला आणि घाबरून त्याने उरलेले पोहे भराभर संपवले.

तेवढ्यात मोनाली येऊन सतरंजीवर बसली. एका बाजूला तिची पूनमवहिनी, दुसऱ्या बाजूला आजी. झालं, नजर वहिनीपासून निघाली ती आजीपर्यंत गेली, वळली, पुन्हा वहिनीकडे आली. वहिनीने पदर सावरला. आजी लाजली.

"पोरगी मधली हाय," बन्सीआप्पांचा आवाज चढला. "का आमचं सगळं घरच नापास करायचंय?"

हेही स्थळ गेलं, आणि या वेळी सत्यजीतला खरंच वाईट वाटलं.

"शेंगदाणं किती घावलं?" मोनालीने विचारलं.

"दोन."

"मी तीन टाकले हुते. तुमची कीर्ती ऐकली हुती, म्हणलं बघावं. मी बी डाळिंबाच्या पॅकिंगला हाय, पट्ट्यावरची फळं निवडती. दाराआडनं बघत हुते, तुमी टोकाला वळाया थांबता आन् मधनं पळत जाता. तिसरा बरोबर मधी हुता."

सत्यजीतने रिकाम्या बशीकडे पाहिलं. तिसरा केव्हाच पोटात गेला होता.

"आत्ता बी तसंच केलं," ती म्हणाली. "आजीपाशी थांबला, वहिनीपाशी थांबला."

"मग कसं बघायचं?"

"मधनं सुरू करायचं."

त्याने सुरू केलं. चहा निवतोय असं बन्सीआप्पा दोनदा म्हणाले, पण नजर काही पुढे सरकली नाही.