गजभिये आणि सव्वा मत

रविवारी सकाळी शेजारचे गजभिये आले म्हणून पोहे केले. मस्त झालेत, असं मी, बायको आणि दोन्ही मुली एका सुरात म्हणालो. गजभियांनी घास गिळला. "एकाच घरातली चार तोंडं. मी याला सव्वा मत धरीन."

गजभिये मूळचे भंडाऱ्याचे, आता मयूर विहारचे. एकटेच राहतात. नोकरी संख्याशास्त्रज्ञाची. एखादा उपचार तपासायचा तर किती माणसं लागतील, हे ते ठरवतात. पण त्यांचा उपचार सुट्या माणसांना नसतो, अख्ख्या गावाला असतो. सोडतीत निघालेल्या गावांना मिळतो, बाकीच्यांना नाही. आणि एका गावातली माणसं तेच पाणी पितात, त्याच दवाखान्यात जातात, त्यामुळे बरीचशी एकसारखी निघतात. म्हणून यांचा हेका, "माणसं नका वाढवू यार, गावं वाढवा."

सोसायटीतही तेच. पार्किंगच्या मीटिंगमध्ये बी ब्लॉक झाडून एका बाजूला उभा राहिला, तर हे म्हणाले, "इनका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एक है, इनको एक गिनो." तेव्हापासून बी ब्लॉक त्यांच्याशी लिफ्टमध्ये बोलत नाही.

मागे, नवजात बाळांच्या घरी नर्स पाठवली तर जास्त बाळं वाचतात का, हे तपासायचं होतं. त्यांच्या साहेबांचं म्हणणं, गावं थोडी घेऊ, प्रत्येक गावातली बाळं जास्त घेऊ, जीपची धावपळ वाचेल. गजभिये अडून बसले. अशाने खरं उत्तर कधीच मिळणार नाही म्हणाले, आणि सही करेनात. शेवटी साहेब कंटाळले. गावं जवळजवळ दुप्पट झाली.

निकाल चांगला लागला. नर्स गेली त्या गावांत खरोखर जास्त बाळं वाचली. आम्ही पेढे घेऊन गेलो, तर गजभिये दार उघडून पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

"अर्ध्या गावांत नर्स गेलीच नाही," ते म्हणाले. "मी गावं वाढवली, तशी तीही वाढली. सोडतही मीच काढली."

बायको म्हणाली, तपासलंच नसतं तर नर्स कुठेच गेली नसती. त्यांनी मान हलवली. हे त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक होतं. निकाल चांगला आला तर राहिलेल्या गावांत आधी नर्स पाठवायची, हे त्यांनी ऑफिसकडून सुरुवातीलाच कबूल करून घेतलं होतं. पहिल्या जीपमधून ते स्वतः जाणार होते, रजा टाकून.

"वहिनी, ज्या घरातलं बाळ गेलं, तिथे जाऊन काय बोलायचं असतं?"

बायकोने पेढ्यांचा डबा बाजूला ठेवला.

"काही नाही. नुसतं बसायचं," ती म्हणाली, आणि त्यांच्यासमोर बसली. मीही बसलो.