गुरुवारचा मासा आणि हवेची होडी

खरेदीत आपल्याला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं ज्ञानेशचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. ठाम म्हणजे किती? रोज दोनदा तो ते बोलून दाखवी. एकदा ऑफिसात, एकदा घरी! ऑफिसात लोक ऐकून घेत, कारण महाळुंग्याच्या त्या कारखान्यात तो परचेस ऑफिसर होता आणि नटबोल्टपासून कँटीनच्या पातेल्यांपर्यंत सगळं त्याच्या सहीने येई. घरी मात्र त्याची बायको स्वरूपा फक्त घरघंटीकडे बघे. ही घरघंटी ज्ञानेशने जातीने निवडलेली. पीठ बरं दळायची, पण सुरू केली की खालच्या मजल्यावरची माणसं विमान उतरतंय की काय म्हणून गॅलरीत यायची!

त्याची पद्धत एकच. आधी स्पेसिफिकेशन, मग खरेदी. वस्तू कुणासाठी, वजन किती पेलायचं, ठेवायची कुठे, हे सगळं आधी विचारून घ्यायचं. विचारताना लाजायचं नाही. या न लाजण्यानेच पुढे घात केला.

त्याचं असं झालं. टूलरूमचे फोरमन रंगराव, म्हणजे सगळ्या कंपनीचे नाना, महिनाअखेर रिटायर होणार होते. ज्ञानेशचा नानांवर भारी जीव. तो नवाकोरा ट्रेनी असताना त्याने पेटीभर ड्रिलबिट चुकीच्या मापाचे मागवले होते. नानांनी गुपचूप ते घासून घासून वापरून टाकले आणि वर कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. असा माणूस आता कंपनी सोडून जाणार, हेच ज्ञानेशला पटत नव्हतं.

नानांना नाद एकच, मासेमारीचा. आता आमच्या या पट्ट्यात कित्येक कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. सगळं जग रविवारी मटण चापतं आणि आम्ही सुट्टीच्या दिवशी दत्ताला हात जोडून साबुदाणा खातो! नाना दर गुरुवारी दिघीहून मोपेडवर निघत आणि भामा-आसखेडच्या धरणाकाठी गळ टाकून बसत. शुक्रवारी कँटीनमध्ये चहा आला की त्यांचे दोन्ही हात फाकले जात.

"काल असा रोहू लागला म्हणून सांगू! असा!"

"मग नाना, कुठाय तो?"

"अरे, गुरुवार होता राव! घरात कसा न्यायचा? दिला सोडून."

कँटीन खो खो हसायचं. सगळ्यांत मोठ्यांदा ज्ञानेश. नाना कधी चिडत नसत. बशीतल्या चहावर फुंकर मारत शांत बसून राहत.

तर निरोपाच्या भेटीचा विषय निघाला. कंपनीचा रिवाज भिंतीवरच्या घड्याळाचा. रिटायर झालेल्या माणसाला वेळ दाखवून काय मिळतं कोण जाणे! टूलरूममधला सुजित म्हणाला, "या खेपेला नानांना मासेमारीचं काहीतरी देऊ."

ज्ञानेशने टेबलावर थाप मारली. "होडी! हवेची होडी! पंपाने फुगवायची, वल्हवायची, झालं की घडी घालून माळ्यावर. इतकी वर्षं मासा पाण्यात आणि नाना काठावर. लागणार कसा? निवडायचं माझ्यावर सोड. खरेदीत मला फसवणारा..."

"जन्माला यायचाय," सुजित म्हणाला. "माहितीय. तू मागव, मी वर्गणी काढतो."

त्या रात्री ज्ञानेशने मोबाइलवर होड्या बघितल्या आणि त्याचं डोकं गरगरलं. एकट्याची, दोघांची. तळ मऊ, तळ कडक. गळ अडकवायला खोबण असलेली, नसलेली. एकीच्या फोटोत तर होडीत एक कुत्राही ऐटीत बसला होता. नानांकडे कुत्रा नव्हता. पण मग होतं कोण? गुरुवारी नानांबरोबर आणखी कुणी जातं की नाना एकटेच? हे कळल्याशिवाय ऑर्डर कशी द्यायची? नानांना विचारलं तर गुपित फुटणार. मग विचारायचं कुणाला? अर्थात काकूंना!

सोमवारी त्याने मंजुळाबाईंना फोन लावला. या नानांच्या पत्नी. मावळातल्या जुन्या घरातल्या, आवाज खणखणीत आणि स्वभाव त्याहून.

"काकू, मी ज्ञानेश, कंपनीतून. थोडी माहिती हवी होती. नानांचं वजन किती?"

"वजन? ते कशापायी?"

"असंच हो. साधारण सांगा. बूट आणि डबा धरून."

"आसंल पंच्याऐंशी. का वं? तब्येतीचं काय निघालं का?"

"छे छे! बरं, त्यांना पोहायला येतं?"

"न्हाई." मंजुळाबाईंचा आवाज जरा बारीक झाला. "पवायचं कशाला निघालं?"

"आता शेवटचंच. गुरुवारी ते धरणावर जातात, तेव्हा एकटेच असतात की बरोबर दुसरं कुणी असतं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, ती बिचारी अर्ध्यात थांबल्यासारखी वाटली.

"दुसरं कोन?"

"म्हणजे सोय दोघांची बघायची की एकट्याची, एवढंच हो! आणि काकू, यातलं नानांना काही बोलू नका बरं का!"

फोन ठेवून ज्ञानेश स्वतःवर खूश झाला. माहिती दोन तृतीयांश मिळाली होती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नव्हतं, पण परचेसमध्ये नियमच आहे, शंका असेल तर मोठा नग मागवावा. त्याने दोघांची होडी मागवली आणि नाना पोहत नाहीत म्हणून वर दोन लाइफ जॅकेटं.

मंगळवारी नाना डब्याशिवाय कामावर आले. असं कधी झालं नव्हतं. बाईंनी ताप अंगात असतानाही भाकरी थापून दिलेली सगळ्यांना ठाऊक. कँटीनमध्ये ते ज्ञानेशसमोर येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "ज्ञानेश, घरी काय बिनसलंय काही कळेना. बायको बोलत नाही. काल ताटावर बसलो तर म्हणाली, गुरुवारी तिच्याबरोबरच जेवत जा. तिच्या म्हणजे कुणाच्या, विचारलं तर रडायलाच लागली."

ज्ञानेशने पोह्यांची बशी बाजूला सरकवली.

"आता रिटायर होऊन चोवीस तास घरातच राहायचंय रे," नाना म्हणाले. "तिथंच कुणी बोलेना तर माणसानं जायचं कुठं?"

खरं सांगावं तर भेटीचं गुपित फुटतंय, न सांगावं तर नाना उपाशी! ज्ञानेशने मधला मार्ग काढला. स्टोअरच्या मागे जाऊन पुन्हा मंजुळाबाईंना फोन लावला.

"काकू, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. यात काळजीसारखं काही नाही! कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे!"

"सगळ्यास्नी?"

"सगळ्यांना! आम्ही तर वर्गणी काढलीय!"

फोन बंद झाला तो झालाच. मग किती वेळा लावला तरी उचलेनात.

बुधवारी संध्याकाळी होडीचं खोकं घरी आलं. स्वरूपाने हे काय म्हणून विचारलं आणि ज्ञानेशने अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. तिने ऐकता ऐकता कपाळावर हात ठेवला, तो शेवटपर्यंत काढला नाही.

"अहो, तुम्ही एका बाईला विचारलंत, नवऱ्याबरोबर दुसरं कोण असतं म्हणून?"

"स्पेसिफिकेशनसाठी!"

"आणि वर सांगितलंत, सगळ्या कंपनीला माहितीय, वर्गणीपण काढलीय?"

ज्ञानेशचा चेहरा हळूहळू उतरत गेला. होड्या निवडण्यात गुंतलेल्या त्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. आपण नानांना होडी नव्हे, सोडचिठ्ठी द्यायला निघालो होतो!

"उद्या गुरुवार," स्वरूपा म्हणाली. "त्या बाई उद्या धरणावर जाणार. मी असते तर गेले असते."

सकाळी ज्ञानेशने खोकं गाडीत टाकलं आणि चाकणचा ट्रॅफिक शिव्या देत पार करत धरण गाठलं. नाना काठावर घडीच्या खुर्चीत गळ टाकून बसले होते. एकटे. खांदे पार पडलेले. ज्ञानेशने ठरवलं, होडी फुगवून सरळ पुढ्यात नेऊन ठेवायची आणि पाय धरायचे. म्हणजे नाना रागवायला विसरतील. तो घाणेरीच्या झुडपामागे शिरला, खोकं फोडलं आणि पायपंप मारायला लागला.

आता पायपंप हे काही परचेस ऑफिसरचं काम नव्हे. फुस्स, फुस्स पंपाचं आणि हाश्श, हुश्श ज्ञानेशचं. दहा मिनिटांत झुडपातून असे काही उसासे येऊ लागले की ते पलीकडे उभ्या असलेल्या एका पिकअपपर्यंत पोचले. त्या पिकअपमागे मंजुळाबाई दबा धरून बसल्या होत्या. सोबतीला त्यांचा भाऊ मारुतराव, हातात काठी.

"मारुती, ऐकलंस का?" बाई कुजबुजल्या. "झुडपात हाय ती!"

आणि दुसऱ्या क्षणी छत्री उगारून त्या झुडपावर चालून गेल्या. "भाईर ये! कोन हाईस ती, भाईर ये आदी!"

झुडूप हललं. घामाने थबथबलेला ज्ञानेश, गळ्यात दोन लाइफ जॅकेटं आणि हातात पंपाची नळी अशा अवतारात बाहेर आला.

"नमस्कार काकू."

मंजुळाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, झुडपात डोकावून बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. "तुमी? आन् मंग ती कुठं हाय?"

"ती कोण?"

"तुमीच म्हनला न्हवं, दुसरं कुनी हाय म्हनून!"

"म्हटलं नाही हो काकू! विचारलं होतं!"

"आक्का, ह्याला हानायचं का न्हाई?" मारुतरावांनी काठी सावरत विचारलं. "काय ते एकदा ठरवून सांग."

आरडाओरडा ऐकून नाना धावत आले. बायको, मेहुणा, ज्ञानेश आणि मधे अर्धवट फुगलेली नारिंगी होडी बघून ते जागीच थबकले. ज्ञानेशने मग एका दमात सगळं सांगितलं. भेट, वजन, पोहणं, दुसरं कुणी, वर्गणी. शेवटी म्हणाला, "नाना, चूक सगळी माझी. काकूंचा दोष नाही. मारायचं तर मला मारा."

मारुतरावांनी आशेने बहिणीकडे बघितलं. पण बाईंची छत्री कधीच खाली आली होती. त्या नानांच्या रिकाम्या खुर्चीकडे आणि गळाकडे बघत होत्या.

"आवं, एवढी वर्सं तुमी हितं बसून करता तरी काय?"

"बसतो," नाना म्हणाले. "सहा दिवस मशिनी कानात घणघणतात. इथं जरा कान रिकामे होतात."

"माज्या कानात काय देवळातली घंटा वाजती व्हय? त्यो मिक्सर, ती शिट्टी, त्यो शेजारचा टीव्ही! मला का न्हाई आनलं कदी?"

"तू कधी म्हणाली नाहीस."

"तुमी कदी इचारलं?"

नाना पायाने माती उकरत राहिले. लग्नाला एवढी वर्षं झालेला माणूस, पण दहावीच्या पोरासारखा अवघडला होता. मग घसा खाकरून म्हणाले, "आता विचारतो. येतेस का?"

"किती मानसांची हाय ती?" बाईंनी होडीकडे बोट केलं.

"दोघांची, काकू!" ज्ञानेश ओरडला. आयुष्यात इतक्या आनंदाने त्याने कुठलंही स्पेसिफिकेशन सांगितलं नव्हतं.

उरलेली हवा मारुतरावांनी भरली. काठी टाकल्यावर माणूस भला निघाला. दोघांना जॅकेटं चढवली, होडी पाण्यात लोटली. तरी ज्ञानेशचा आपल्या खरेदीवर विश्वास बसेना, म्हणून त्याने होडीला लांब दोर बांधला आणि टोक दोन्ही मनगटांना गुंडाळून काठावर उभा राहिला. नाना उजवीकडे वल्हवत, बाई त्यांच्यावर कुरघोडी करत, आणि होडी जात्यासारखी जागच्या जागी फिरत होती. पण दोघं हसत होती. बाईंचं हसू तर पार काठापर्यंत ऐकू येत होतं. ज्ञानेशचे डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

थोड्या वेळाने नानांनी गळ बाईंच्या हातात दिला. आणि काय सांगावं! बाईंच्या हाताचा गुण म्हणा, गळ असा खेचला गेला की होडीचं तोंडच वळलं. "आवं धरा! धरा!" दोघांनी मिळून ओढला आणि पाण्याबाहेर आला एक रोहू! चांगला हातभर लांब, चांदीच्या ताटासारखा लखलखणारा! मारुतराव काठावर नाचायलाच लागले. "कालवन! आक्का, कालवन!"

"फोटो काढ रे!" नाना ओरडले.

पण ज्ञानेशच्या दोन्ही मनगटांना दोर! तो सोडवेपर्यंत बाईंनी माशाकडे बघितलं, मासा बाईंकडे बघत होता.

"सोडा त्याला," त्या म्हणाल्या. "आज गुरुवार हाय."

नानांनी अलगद गळ काढला आणि मासा पाण्यात सोडला.

शुक्रवारी नाना भरलेला डबा घेऊन कामावर आले. चहाच्या सुट्टीत ज्ञानेशने सगळं कँटीन गोळा केलं. त्याच्याच्याने राहवेना!

"काल मी डोळ्यांनी बघितलं! नाना दर शुक्रवारी सांगतात ते खरं आहे! काकूंनी धरला! असा रोहू! असा!" त्याचे दोन्ही हात होते नव्हते तेवढे फाकले.

सुजितने शांतपणे विचारलं, "मग कुठाय?"

"अरे, गुरुवार होता राव! सोडून दिला!"

कँटीन असं काही फुटलं की चहावाल्याच्या हातातली किटली हिंदकळली. कुणी टेबल बडवत होतं, कुणी पोट धरून खाली बसलं होतं. "फोटो दाखव, फोटो!" सुजित ओरडत होता. कानशिलं तापलेल्या ज्ञानेशने मोठ्या आशेने नानांकडे बघितलं. "नाना, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

नानांनी बशीतल्या चहावर सावकाश फुंकर मारली. एक घोट घेतला. आणि ज्ञानेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हात थोडे कमी फाकव रे पोरा. पहिल्याच खेपेला कुणी एवढा मोठा सांगतं का?"