काळजी समिती आणि दोन नंबरचा पंप

ज्या संस्थेत स्त्रीची मनापासून काळजी घेतली जाते, तिथे स्त्रीला काम असं फारसं उरत नाही. या कसोटीवर, शहराला पाणी पुरवणारं आमचं केंद्र अत्यंत प्रगत म्हणावं लागेल.

मी तिथल्या पंपघराची इंजिनिअर. बाळंतपणाची रजा संपवून हजर झाले, तर माझ्यासाठी पाच जणांची काळजी समिती तयारच होती. पाचही सदस्य मुलाबाळांचे बाप. (मुलं घरी बायका सांभाळत असल्याने बैठकांना उपस्थिती शंभर टक्के.) समितीने रीतसर पाहणी केली. केंद्रातल्या एकेचाळीस पुरुषांपैकी किती जणांना आजवर ‘तुम्ही इथे, मग मूल कुणाकडे?’ असं विचारलं गेलं? शून्य. यावरून पुरुषांना मुलांची अडचण नसते, हे आकडेवारीने सिद्ध झालं. मला पहिल्याच आठवड्यात सत्तावीस वेळा विचारलं गेलं. म्हणजे अडचण गंभीर. (‘सासूबाईंकडे’ हे माझं उत्तर नोंदवता आलं नाही. फॉर्मवर उत्तराचा रकाना नव्हता.)

सबब शिफारस झाली की मला पंपघरातून हलवून फायलींच्या खोलीत बसवावं. तात्पुरतं, म्हणजे मूल मोठं होईपर्यंत. ‘मोठं’ म्हणजे किती, ते पुढच्या बैठकीत. कारणं दिली होती आवाज, ग्रीस आणि बावीस पायऱ्या. त्या पायऱ्या आमच्या सफाईवाल्या मावशी एकोणीस वर्षं दोन हातांत दोन बादल्या घेऊन चढताहेत, पण त्या इंजिनिअर नसल्यामुळे त्यांची प्रकृती दणकट आहे.

अंतिम निर्णय शुक्रवारी होता, तोवर मला वरच्या ऑफिसात बसवलं होतं. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? बाळ झोपलं की त्याचा श्वास चालू आहे ना, हे उठून उठून बघणारी बाई मी. मला घाबरायला फारसं निमित्त लागत नाही. पण पंपघर ही जगातली एकच जागा होती, जिथे काय बिघडलंय हे मला कळायचं.

सोमवारी दोन नंबरचा पंप दुरुस्तीहून आला. मोटर जोडली, पंप सुरू झाला, पण पाणी निम्मंच. शिफ्टचे साहेब म्हणाले, गाळणी तुंबलीय. मंगळवारी गाळणी धुतली. बुधवारी त्यांनी व्हॉल्व्ह खोलला. गुरुवारी ‘नदीलाच पाणी कमी’ म्हणून दोष नदीवर गेला. एव्हाना वरच्या वस्तीतले नळ कोरडे पडले होते. (अहवालात या चार दिवसांना ‘सखोल अनुभवाचा वापर’ म्हटलं आहे.)

गुरुवारी दुपारी मी खाली उतरले. पंपाने कुठल्या दिशेने फिरायचं, त्याचा बाण पंपाच्या अंगावरच असतो. मी मोटर बंद करायला लावली आणि थांबता थांबता तिचा मागचा पंखा कसा फिरतोय ते पाहिलं. बाणाच्या उलट. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. असं तीनदा पाहिलं, जणू कोर्टात साक्ष द्यायची होती.

“साहेब, पंप उलटा फिरतोय. मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करून बघा.”

“मॅडम, उलटा फिरला असता तर पाणी आलंच नसतं,” साहेब मायेने म्हणाले. “घरी झोप होत नाही ना हल्ली?”

“असला पंप उलटा फिरला तरी पाणी देतो. कमी देतो.”

“बघा की करून,” मावशी बादली खाली ठेवत म्हणाल्या. “नदी कुठं पळून जात नाही.”

वायरी बदलल्या. दाबाचा काटा सरसर चढला आणि संध्याकाळी वरच्या वस्तीत नळांना पाणी आलं.

शुक्रवारच्या अहवालात नोंद आहे: ‘मातृहृदयाच्या अंतःप्रेरणेने दोष उघडकीस आला. सबब सदर महिलेस अपवाद म्हणून पंपघरात राहू द्यावे.’ (बाणाचा उल्लेख जागेअभावी गाळला.) शिफ्टचे साहेबही पंपघरातच आहेत. त्यांचा विषय कुठल्याच बैठकीत निघाला नाही.

मी राहिले म्हणून, वाचकहो, तुम्हालाही बरं वाटलं असेल. आभारी आहे. पण साहेब ओळीने तीनदा चुकले, तेव्हा आता यांची जागा जाणार, असं तुमच्या मनात आलं का? नाही ना? माझ्या वेळी मात्र ‘बाई बरोबर निघू दे’ म्हणून तुम्ही श्वास रोखून बसला होतात. आमच्या समितीला अशाच माणसांची गरज आहे. सहावी खुर्ची मांडून ठेवली आहे, कधीही या.