उत्कृष्ट परिचारिका अंकुश

मुलचेऱ्याच्या अलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात यंदाचा ‘उत्कृष्ट परिचारिका’ सन्मान अंकुश सोमाजी लेनगुरे यांना देण्याचे सर्वानुमते ठरले. सदर परिचारिका पुरुष आहे, ही बाब सन्मानाची साडी खरेदी होईपर्यंत कोणाच्याही निदर्शनास आली नाही.

वास्तविक अंकुश कित्येक वर्षे तिथल्याच वॉर्डात होता. मलेरियाच्या हंगामात एका खाटेवर दोन-दोन रोगी असले तरी त्याचा आवाज कधी चढला नाही. पण रोगी त्याला डॉक्टर म्हणत आणि खऱ्या डॉक्टरांना, म्हणजे दिव्यानी मॅडमना, सिस्टर. मॅडमनी दुरुस्त करण्याचा नाद सोडला होता. अंकुशला मात्र हा सन्मान मनापासून हवा होता. त्याची माय कलाबाई सिंदेवाहीकडे त्याच्यासाठी मुली पाहत होती, आणि ‘पोरगा नर्स आहे’ म्हटले की पोरीकडचे चहा अर्धा टाकून उठत. पेपरात फोटो आला तर निदान चहा तरी संपवतील, एवढीच तिची आशा.

साडीचा प्रश्न कार्यालयातल्या हरिदासबाबूंकडे गेला.

“पॅन्टपीस द्या ना, बाबू,” अंकुश म्हणाला.

“मंजुरी साडीची हाये. पॅन्टपीस कुठून आनू?”

“मंग साडीच द्या. मायले होईन.”

“मायले कायले? तुही माय परिचारिका हाये काय?”

अखेर बाबूंनीच तोडगा काढला. सन्मान अंकुशने स्वीकारावा, साडी मंचावर उपलब्ध असलेल्या महिलेस द्यावी आणि पुढील समायोजन उभयतांनी आपसात करावे.

कार्यक्रम भर मे महिन्यात, पत्र्याच्या मंडपात झाला. प्रमुख पाहुणे बापूजी, राइस मिलचे मालक. उपलब्ध महिला म्हणून दिव्यानी मॅडम उभ्या होत्या. बापूजींनी अंकुशला कडकडून मिठी मारली.

“वा, डॉक्टरसाहेब! काय स्टाफ तयार केला तुमी!”

मग त्यांनी साडी मॅडमच्या हातात ठेवली. “घ्या सिस्टर, लाजू नोका.”

“मी डॉक्टर आहे,” मॅडम म्हणाल्या.

“होसान, होसान! शिकत राहा, बाई.”

त्यानंतर अंगावर शाल, डोक्यावर फेटा अशा थाटात बापूजींनी भाषण ठोकले. “नर्सिंग म्हंजे मायेचं काम. थे बाईलेच जमते. मानसाच्या हाती थर्मामीटर द्याल त थो मुसळासारखा धरते!” टाळ्या पडल्या. टाळ्यांपाठोपाठ बापूजीही पडले.

ऊन लागले होते. वॉर्डात नेऊन कपडे उतरवणे आणि ओल्या फडक्याने अंग पुसणे तातडीचे होते. मॅडम पुढे झाल्या तसे बापूजी शुद्धीवर आले आणि दोन्ही हातांनी पायजमा धरून ओरडले, “बाईमानूस नोको! मले मानूस पाह्यजे!”

“पण हे काम बाईलाच जमतं ना?” मॅडमनी विचारले.

“थे भाषण होतं!”

मग अंकुशनेच त्यांचे अंग पुसले, सलाईन लावले, उलटीसाठी भांडे धरले आणि कूसही बदलून दिली. संध्याकाळपर्यंत बापूजींना तरतरी आली आणि डोळ्यांत पाणीही आले.

“एवढा मोठा डॉक्टर, अन् माह्या तोंडाशी भांडं धरलं! जावई असावा त असा. माही मोनाली यंदाच बी.एड. झाली. तुमच्या मायले पाठवा बोलनं कराले.”

अंकुश नुसता गप्प राहिला असता तरी सोयरीक जुळली असती. गप्प राहणे नियमात बसत होते. दारातल्या मॅडम मुद्दाम खिडकीबाहेर पाहू लागल्या.

“बापूजी,” तो म्हणाला, “मी डॉक्टर नाई. मी नर्स आहो.”

“म्हंजे आता नर्स, मंग डॉक्टर होनार?”

“नाई. नर्सच.”

बापूजींनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. “वाईट वाटून नोको घेऊ, बाबू. तू सकाळी अंग पुसाले येजो. मोनालीचं मात्र राहू दे.”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. ‘डॉ. अंकुश यांनी वाचवले मान्यवरांचे प्राण.’ शेजारी साडी घेऊन ‘परिचारिका दिव्यानी’. कलाबाईचा फोन स्थळांसाठी दिवसभर वाजत राहिला. अंकुश प्रत्येकाला स्वतः खरे सांगे आणि पलीकडून फोन ठेवला जाई. पण नंबर कोणीही खोडला नाही. महिन्याभरात तेच लोक पुन्हा फोन करू लागले, “आमच्या बाबाले खाटेवरून उचलाले कोनी मानूस पाह्यजे होता. तुमी येसान काय?”

अंकुश जातो. तिथे त्याला चहा मिळतो, आणि तो संपेपर्यंत कोणी उठत नाही.

वाचकहो, अशा लोकांना मनसोक्त हसून घ्या. अंकुशचा नंबर हवा असल्यास हरिदासबाबूंकडे मिळेल. मुलीसाठी हवा आहे की वडिलांसाठी, असे ते विचारणार नाहीत. खरे कळल्यापासून मुलीसाठी कोणी मागितलेलाच नाही, तेव्हा तुम्हीही वडिलांसाठीच मागत आहात, हे ते गृहीत धरतील.