मावतं किती, पळतं किती

दूरदृष्टी हा मनुष्यजातीचा खरा अलंकार आहे, आणि नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीत तो एकट्या आवासकरकाकांच्या अंगावर होता. दोन माणसांच्या घरात त्यांनी दहा माणसांचं जेवणाचं टेबल आणलं होतं. तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघराचं दार लागत नसे.

काहीही घ्यायचं झालं तरी काका दोनच प्रश्न विचारत. "मावतं किती? पळतं किती?" माझ्या बहिणीला सांगून आलेल्या स्थळाबद्दलही त्यांनी हेच विचारलं. मुलगा बँकेत आहे, एवढंच मला सांगता आलं.

नव्वदचं दशक संपत आलं असताना इस्रायलहून मुलीने त्यांना लॅपटॉप पाठवला. त्यातल्या हार्ड डिस्कबद्दल काकांनी तेच दोन प्रश्न विचारले आणि उत्तर ऐकून ते खिन्न झाले.

"ही बदलायची."

"काका, तुम्ही त्यावर पत्ते खेळता. पत्त्यांना किती जागा लागते?"

त्यांनी मला आत नेलं. टेबलभर कॅसेट मांडल्या होत्या. काकांची बायको, रिबका काकू, हयात असताना मुलीला पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत. पाठवण्याआधी प्रत्येकीची नक्कल काकांनी काढून ठेवली होती, दूरदृष्टी. मात्र आमच्याकडची दमट हवा त्यांनी हिशेबात धरली नव्हती. कॅसेटींना बुरशी आली होती. एक तर अर्ध्यावरच घरघरायला लागली होती.

"या पावसाळ्यात उरलेल्याही जातील," काका म्हणाले. "त्याआधी हिला डिस्कवर उतरवायची."

पनवेलच्या लाइन आळीतला कॉम्प्युटरचा दुकानदार तरुण आणि मदतीला तत्पर होता. "काका, आवाजच आहे ना? दाबून लहान करता येतो. छोट्या डिस्कमध्ये बसेल."

"दाबून? मला उभ्या संसारात जमलं नाही, तुमचं मशीन काय दाबणार तिला?"

"मग ही घ्या. मोठी आहे. फक्त जरा स्लो."

"स्लो म्हणजे?"

"रेकॉर्डिंग करताना एखादा शब्द सुटू शकतो."

"नको. ही श्वास न घेता बोलते."

शेवटी त्यातल्या त्यात मोठी आणि वेगवान डिस्क मुंबईहून मागवावी लागली.

आता काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू; शनिवार त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ते कुठल्याही बटणाला हात लावत नसत, आणि दुसऱ्याला लाव असंही म्हणत नसत. सुचवायला मात्र हरकत नव्हती. "आमच्याकडे दिवा चालूच राहिलाय," असं ते आमच्या दारात उभं राहून हवेला सांगत, आणि मी उठत असे.

नवी डिस्क बसली त्या शुक्रवारी दुपारी काकांनी टेपरेकॉर्डरसमोर लॅपटॉपचा माइक ठेवून पहिली कॅसेट लावली. संपली तशी पुन्हा लावली. ऐकता ऐकता बाहेर सूर्य मावळला. कॅसेट आपोआप थांबली, लॅपटॉप रेकॉर्डिंग करतच राहिला. आम्ही लग्नासाठी पेणला गेलो होतो. सुचवायला मजल्यावर कोणीच नव्हतं.

रविवारी त्यांनी मला बोलावलं. डिस्क काठोकाठ भरली होती. नको तो भाग कुठून कापायचा, हे शोधायला मी हेडफोन लावला. पापलेटच्या भावापासून निघालेल्या काकू मजल दरमजल करत नवऱ्यापर्यंत आल्या होत्या. "...आणि तुझे पपा हल्ली वेळेवर जेवत नाहीत." मग खट्‌ आवाज. कॅसेट संपली.

जरा वेळाने काकांचा आवाज आला. "जेवतो गं."

खुर्ची सरकली. मी पुढे नेलं. "मासळी दुपारीच तळून ठेवली होती. मीठ जास्त झालंय." आणखी पुढे नेलं. "शेजारची मंडळी पेणला गेलीत वाटतं. दिवा जळतोच आहे बघ." प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत होते, उत्तराला पुरेल एवढं.

मी हेडफोन काढला. काका समोरच उभे होते.

"कुठून कापायचं?" मी विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले. "बोलणं चालू असताना मधे तोडू नये."

उरलेल्या कॅसेटींसाठी सोमवारी आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. काकांनी पहिलीच्या दुप्पट मावणारी डिस्क मागितली. लॅपटॉपसाठी तेवढी मोठी डिस्क तेव्हा बाजारात मिळत नव्हती.